खोटं विष, खऱ्या गोळ्या

माझ्या भाचीला मी विष प्यायला शिकवलं. ही गोष्ट आमच्याकडे हमखास पंगतीत निघते आणि नवख्या पाहुण्याचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच अडकतो. त्या अडकलेल्या घासासाठीच मी ती सांगतो, असं माझी बायको म्हणते. बायकोचं बरोबर आहे. पण आता सुरुवात झालीच आहे तर सगळीच सांगतो.

सांगलीत माझं नाटकाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान आहे. वडिलांच्या काळात नाटकवाले यायचे, आता शाळांच्या गॅदरिंगवर चालतं. हिवाळ्यात माझ्या दारातून रोज मावळ्यांची एक तुकडी, दोन-चार पऱ्या, एखादा वाघ आणि एक बिनशेपटीचं माकड बाहेर पडतं. शेपट्या परत येत नाहीत, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. मी स्वतः रंगमंचावर उभा राहिलोय, पण कायम हुजऱ्या म्हणून. राजाला पेला नेऊन द्यायचा, मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचं. माझ्या हातून किती राजांनी विष घेतलं असेल याची गणती नाही. त्यामुळे खोटं विष कसं प्यावं, हे पाच फुटांवरून जितकं मी पाहिलंय तितकं पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनीही पाहिलं नसेल.

माझी धाकटी बहीण कोरेगावला दिलेली. नवरा, म्हणजे आमच्या घरचे जावई, फौजेत, सीमेवर. त्यांना एकच मुलगी, तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. सुट्टी लागली की ती माझ्या दुकानात येऊन राहायची आणि दिवसातून सहा वेळा कपडे बदलायची. सकाळी झाशीची राणी, दुपारी कोळीण, संध्याकाळी दाढी लावून ऋषी. दाढीवर तिचा विशेष जीव.

एका जानेवारीत तिचा ताप जाईना. गेला की परत यायचा. नडगीवर निळे डाग उठले. आधी सगळ्यांना वाटलं, खेळताना आपटली असेल. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागदाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सांगितलं, आजच्या आज मोठ्या इस्पितळात न्या. बहीण तिला घेऊन थेट माझ्याकडे आली. मिरज रस्त्याला लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार करणारं एक इस्पितळ आहे, तिथे तिला दाखल केलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई बारीक, उंच आणि बोलायला सरळ. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की मुलांमधला हा आजार बहुतेक वेळा बरा होतो, उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि त्यात पहिला आठवडा फार महत्त्वाचा असतो.

"पहिले सात दिवस मुख्य औषध एकच, स्टेरॉइडच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "आठव्या दिवशी रक्तातल्या वाईट पेशी मोजायच्या. कमी झाल्या असल्या तर आजार औषधाला दाद देतोय. नसल्या तर तो चिवट जातीचा आहे. मग औषधं फार कडक करावी लागतात. कदाचित दुसऱ्या कुणाची अस्थिमज्जासुद्धा द्यावी लागेल. भावंडं आहेत का हिला?"

"न्हाई," बहीण म्हणाली. तेवढंच.

मी मात्र त्या एका शब्दावर अडकलो होतो. दाद! अहो, आमच्या धंद्यातला शब्द. टाळी म्हणजे दाद, शिट्टी म्हणजे दाद, तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मान हलवून 'वा' म्हटलं की ती सगळ्यात मोठी दाद. मला एकदम चित्रच दिसलं. गोळी नटून-थटून रंगमंचावर उभी आहे आणि आजार समोर खुर्चीत पाय पसरून बसलाय, हाताची घडी घालून, जांभया देत. असले प्रेक्षक मी पाहिलेत. यांना हलवायचं म्हणजे नट जबरदस्त पाहिजे. मी मनातल्या मनात गोळीला म्हटलं, बाई गं, घसा खरवडून काम कर.

पहिल्या दिवशी भाचीला मणक्यात सुई टोचली. ती इतकी रडली की तिचा आवाज बसला. मी दुकानातून तिची लाडकी दाढी घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी ती चिमट्यानं उचलून लांब धरली.

"ही कधी धुतली होती?"

"दाढ्या धुवत नाहीत, मॅडम. झटकतात."

"हिच्या अंगात सध्या साध्या सर्दीशी लढायची ताकद नाही. या दाढीत काय काय राहतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

दाढी आणि मी, दोघेही दाराबाहेर. दाढी बाहेरच राहिली. मी हात धुऊन, मास्क लावून परत आत आलो. आता करमणुकीला सामान नाही, फक्त मी. मग मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून राजाचं विषप्राशन केलं.

बघता बघता रडणं थांबलं. "परत," ती बसक्या आवाजात म्हणाली. मी परत मेलो. "परत." त्या दुपारी मी नऊ वेळा मेलो. मग ती म्हणाली, "मामा, ते पेल्यात खरंच काय असतं?"

"कोकम सरबत. पण एक नट होता, त्याला कोकम चालायचं नाही. पित्त व्हायचं. तो एक थेंब गिळायचा नाही."

"मग?"

आणि इथे मी माती खाल्ली. मी तिला ती विद्या दिली. घोट तोंडात घ्यायचा, जिभेनं तो वरच्या हिरडीच्या आणि गालाच्या मध्ये सारायचा. डोकं मागे टाकायचं. गळ्याची घाटी वर-खाली करायची, दोनदा. एकदा केली तर खोटं वाटतं. मग तोंड उघडून 'आ' करायचं, म्हणजे शेवटच्या रांगेला वाटतं, गिळलं बाबा यानं. आणि मग राजा वेदनेनं वाकतो, उपरण्यानं तोंड पुसतो. सगळी कला त्या पुसण्यात. कोकम उपरण्यात जातं.

उपरणं नव्हतं म्हणून मी तिला माझा स्वच्छ रुमाल दिला. ती तासाभरात शिकली. नात्यातली आहे म्हणून सांगत नाही, पण असा गळा मी व्यावसायिक रंगभूमीवर पाहिलेला नाही.

आठवडा मजेत गेला. हो, मजेतच. सिस्टर दिवसातून तीनदा छोट्या कपातून गोळ्या आणायच्या. भाची त्या मोठ्या थाटात घ्यायची, डोकं मागे, घाटी दोनदा, 'आ', मग रुमाल. सिस्टर म्हणायच्या, "अशी शहाणी पोरगी वॉर्डात दुसरी नाही. बाकीची बघा कशी बोंबलतात, ही गोळी लय कडू असते." बहीण फुलून यायची. सीमेवरून जावयांचा व्हिडिओ कॉल आला की भाची त्यांना गोळी घेऊन दाखवायची आणि ते तिकडे खुर्चीत ताठ बसून सॅल्यूट ठोकायचे. मी कोपऱ्यात उभा राहून तिच्या अभिनयावर खूश. तिने राजाचं विषप्राशन रोजच्या औषधात घातलंय, काय गोड पोर आहे! माझ्या डोक्यात एवढाच प्रकाश.

आठव्या दिवशी रक्त गेलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं.

"दाद दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "वाईट पेशी जवळजवळ तेवढ्याच आहेत."

बहिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "म्हंजी चिवट जातीचा?"

"तसं दिसतंय. उद्या आम्ही सगळे डॉक्टर बसून पुढचं ठरवू. गोळ्या वेळेवर गेल्या ना?"

"एक चुकलेली न्हाई," बहीण म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत घेतल्यात."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस मी, पण जावयांना फोनवर काय सांगायचं ते मला सुचेना. मी नंबर काढायचो आणि फोन परत खिशात टाकायचो.

बाकावर शेजारी जतकडचा एक मेंढपाळ बसलेला असायचा. डोक्याला तांबडा पटका, पायांत जाड वहाणा. त्याची चार वर्षांची मुलगी भाचीच्या शेजारच्या पलंगावर, तोच आजार, तेच औषध, आमच्या दोन दिवस आधी सुरू झालेलं. तिच्या आजारानं दाद दिली होती. वॉर्डात सगळे मला मामा म्हणायचे, तसा तोही म्हणायचा.

"आवं मामा, तोंड का पाडलंया?"

मी सांगितलं. त्यानं वहाणेनं फरशीवरचा खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "एक इचारू का? राग मानू नगा. तुमची पोरगी जेवती का?"

"चिमणीएवढं. का?"

"आमची बारकी बगा. सकाळधरनं तीन भाकऱ्या हानल्या. वर माझ्या वाटणीचं पिठलं. सिस्टरच्या डब्याकडं बगून रडतीया. प्वॉट हाय का पेव, कळंना झालंय. डाक्टरीणबाय म्हनली, ही गोळीच तसली हाय, भूक खवळती." त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "तुमच्या पोरीला हीच गोळी न्हवं?"

"हीच."

"मग तिची भूक कुटं गेली, मामा?"

मी खिशातला फोन परत चाचपला.

"मेंढरू लय चालू असतंय," तो म्हणाला. "जंताची गोळी दिली की गालात धरतंय. तुमच्याकडं असं बगतंय, जनू देवाचं मेंढरू. तुमी पाठ फिरवली की थू! आमी काय करतो, वरनं नरडं चोळत ऱ्हातो, गिळूस्तवर. माजी पोरगी धरून ठेवाया मला दोगं लागत्यात. तुमची मातूर सादी वरडत बी न्हाई. मला पयल्या दिवसापासनं नवल वाटतंया."

कोकम, घाटी, रुमाल आठवून मला माझीच लाज वाटली आणि त्याच लाजेतून, खोटं कशाला सांगू, एक आनंदाची उकळी वर आली: गोळी पोटात गेलीच नसेल तर? दोन्ही एकाच वेळी. मी उठलो तो पळतच.

भाची पलंगावर चित्र काढत होती. मी दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. "महाराणी," मी म्हटलं, "विष कुठं ठेवलंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळ्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि पटकन परत चित्राकडे. नटाला त्याचीच नजर फसवते, हे मी तिला शिकवायचं राहिलं होतं.

खिडकीच्या सरकत्या काचेच्या खाली जी खाच असते ना, त्यात ओळीनं पांढऱ्या गोळ्या. काही आख्ख्या, काही अर्ध्या विरघळून परत वाळलेल्या, माझ्या रुमालाच्या धाग्यांसकट. एखाद्या म्हाताऱ्याची कवळी पडावी तशी ओळ.

"सगळ्या नाही हं," ती म्हणाली. "काही चुकून गिळल्या. लय कडू आहेत, मामा. आणि तूच म्हणालास, तो नट एक थेंब गिळायचा नाही."

मी त्या गोळ्या रुमालात गोळा केल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतल्या. बहीण तिथेच होती. मी सगळं सांगितलं. नट, कोकम, घाटी दोनदा, उपरणं. पंचवीस वर्षं मी रंगमंचावर एका वाक्यापलीकडे बोललो नव्हतो. माझं पहिलं मोठं भाषण हे असं झालं.

डॉक्टरीणबाई गोळ्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या.

"मामा, तुम्हाला बदडू का पेढे देऊ?" त्या म्हणाल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "ऐका. आजार औषधाला दाद देत नाही असं मी म्हटलं, पण औषध त्याच्यापर्यंत धड पोचलंच नव्हतं. म्हणजे तो चिवट आहे की नाही, हे आपल्याला अजून माहीतच नाही. तो खरंच चिवट असूही शकतो. आता परत पहिल्यापासून सात दिवस, पण गोळ्या नाहीत, शिरेतून."

बहिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाठ फिरवून पोरीकडे गेली. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी अबोला धरला. डबा माझ्या हातून घ्यायची, पण भिंतीशी बोलल्यासारखी. "कुणीतरी ताट उचलावं." "कुणीतरी बाजूला सरकावं." एकदा तर मी समोर उभा असताना सिस्टरला म्हणाली, "त्यांना सांगा, आमटीत मीठ कमी आहे." वॉर्डभर ही करमणूक. मला पटलं होतं की मला हेच पाहिजे. आठवडा पोरीचा गेला होता आणि तो माझ्यामुळे गेला होता.

आता आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होतो: भुकेची. माणसं पावसाची वाट बघतात, एसटीची बघतात, आम्ही एका सात वर्षांच्या पोटाची वाट बघत होतो. पहिल्या दिवशी अर्धी चपाती. दुसऱ्या दिवशी अर्धी चपाती आणि नाक मुरडणं. मेंढपाळ दर तासाला दारातून विचारायचा, "उघडलं का?" दुकान उघडल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन पोचलो तर भाची पलंगावर उठून बसलेली. "मामा, काय आणलंय?"

"पोळी, वरण, भात."

"एवढंच?"

अहो, काय सांगू! 'एवढंच' या शब्दाला मी भाळलो तसा आयुष्यात कशाला भाळलो नाही. तिनं पोळ्या संपवल्या, भात संपवला, डब्याचं झाकण चाटलं आणि म्हणाली, "भडंग पाहिजे." बाहेरचं बंद, म्हणून माझ्या बायकोनं घरी चुरमुरे भाजले, लसूण तळला, मसाला लावला आणि अकरा वाजता मी गरम डबा घेऊन परत हजर. बारा वाजता थालीपीठ. दोनला पिठलं. साडेतीनला तिनं जाहीर केलं की पिठल्याला आता दोन तास होत आले. माझी दुचाकी दुकान-घर-इस्पितळ अशी दिवसभर घरघरत होती आणि दुकानात एक शाळा वाघाच्या कातड्यासाठी ताटकळत होती. वाघाला म्हटलं, थांब, इथे खरी वाघीण जेवतेय.

मेंढपाळानं तिला चौथी भाकरी खाताना बघितलं आणि पटका सारखा करत जोरात म्हणाला, "उघडलं की वं!" सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. तिचे गाल पुरीसारखे फुगले. ती चिडखोर झाली. चमचा डाव्या बाजूला ठेवला म्हणून माझ्यावर ओरडली. मी मनोभावे माफी मागितली. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी होती, पण तिची पाठ हलत होती, आणि यावेळी मला ओळखता आलं, ती हसत होती.

आठव्या दिवशी रक्त चांगलं आलं. वाईट पेशी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेल्या होत्या. पण डॉक्टरीणबाईंनी बोट वर केलं. "ही पहिली टाळी. रक्त स्वच्छ दिसलं तरी हाडाच्या आत पेशी लपून बसतात. बाकीची औषधं आता सुरू होतील. चार आठवड्यांनी अस्थिमज्जा काढायची आणि एक बारीक तपासणी करायची. हजारोंत एक उरलेली असेल तरी त्यात दिसते. तिथे काही नाही दिसलं, तर खरी दाद."

म्हणजे अजून चार आठवडे. शिरेतलं औषध बंद होऊन परत गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाच कामाला लावलं. "रोग तुम्ही लावलात, उपाय तुम्ही सांगा." माझा उपाय आमच्याच धंद्यातला. गोळी घेतली की लगेच मोठ्यानं, न थांबता, 'कच्चा पापड पक्का पापड' दहा वेळा. गालात गोळी असेल तर चौथ्या पापडाला जीभ लडखडते. सिस्टर घड्याळ लावायच्या. आठवडाभरात वॉर्डातली सगळी पोरं गोळ्यांनंतर पापड लाटायला लागली. मेंढपाळाची बारकी 'कत्ता पापल' म्हणायची, आणि तिला सूट होती.

मधल्या काळात केस गेले. ताप आला, दोन दिवस सगळ्यांचे चेहरे काळवंडले, ताप उतरला. बहिणीचा अबोला मात्र टिकला. कोरेगावच्या मातीत काय घालतात कोण जाणे. नाहीतर आमच्या घराण्यात एवढा वेळ गप्प बसण्याची परंपरा नाही.

अस्थिमज्जेचा कागद येणार होता त्या दिवशी जावई सुट्टी काढून आले होते. आम्ही चौघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. भाची बापाच्या मांडीवर, टक्कल, फुगलेले गाल, हातात उकडलेला बटाटा. डॉक्टरीणबाईंनी कागद एकदा वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, परत पहिली बाजू वाचली. जावई खुर्चीत सावधान होऊन बसले होते, सीमेवरसुद्धा माणूस इतका ताठ बसत नसेल. बहिणीच्या बोटाला पदर घट्ट आवळलेला, बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"काही दिसलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही नाही. दाद दिली. उपचार अजून दोन वर्षं चालणार, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि मधे मधे तपासण्या होणारच. पण चिवट नाही हा. साधा आहे."

जावयांनी पोरीच्या टकलावर ओठ टेकवले. बहिणीनं बोटाला आवळलेला पदर हळूहळू सोडला. आणि मी, काय झालं मला ठाऊक नाही, अंगात पंचवीस वर्षांचा प्रेक्षक संचारला. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हात वर केले आणि छत हलेल अशा आवाजात ओरडलो, "वन्स मोअर!"

बहीण उडीच मारून आली आणि तिनं माझं तोंड पंज्यानं दाबलं.

"गप बस की, मेल्या! वन्स मोअर कुणाला मागतोस? आजाराला? परत पहिल्यापासनं करायचं का हे सगळं?"

आयुष्यात पहिल्यांदा ती मला 'दादा' सोडून दुसरं काही म्हणाली होती. डॉक्टरीणबाई कागदानं तोंड झाकून घेत होत्या. जावई एवढ्या मोठ्यानं हसले की पोरीच्या हातातला बटाटा पडला आणि तिनं नव्यानं भोकाड पसरलं. बहिणीचा हात माझ्या तोंडावर तसाच होता, आणि ती हसत होती की रडत होती ते मला एवढ्या जवळूनही सांगता येईना.

मग तिनं हात काढला आणि बोलायला सुरुवात केली. चार आठवड्यांचं आणि वर आठ दिवसांचं साठलेलं सगळं. तुझी ती दाढी, तुझा तो मेला नट, तुझं ते कोकम, सात दिवस माझी पोर उपाशी औषधाची आणि तू कोपऱ्यात उभा राहून खूश, लहानपणीसुद्धा माझी चिक्की तू अशीच गालात लपवायचास, आणि आमटीत मीठ खरंच कमी होतं. खोलीतून व्हरांडा, व्हरांड्यातून जिना, जिन्यावरून थेट रिक्षापर्यंत ती बोलत होती. मेंढपाळ बाकावरून उठून बघत राहिला. मी तिच्यामागून चालत होतो, मान खाली घालून, हुजऱ्यासारखा, आणि मधे एक शब्दही घातला नाही. थांबली असती तर मीच म्हटलं असतं, अजून बोल.